बाजाराची पिशवी आणि वालाचं शेत

मुरबाडची कंपनी बंद पडली तेव्हा मी तिथे फिटर होतो, लग्नाच्या आधीपासून. आमचा पाडा किन्हवलीच्या पुढे. सकाळी जीप धरायची, शिफ्ट करायची, संध्याकाळी परत यायचं. घरी भाताची शेती होती, पण ती आई आणि मजूर सांभाळायचे. मी लावणीला आणि कापणीला सुट्टी टाकायचो, तेवढंच माझं शेत. थंडी सरताना एका सकाळी गेटवर आम्हाला आत सोडलंच नाही. मग बोलणी झाली, सह्या झाल्या, हिशेब मिळाला. पैसे बँकेत पडले त्या दिवशी संध्याकाळी आम्ही चौघं ओट्यावर बसलो होतो. आई, बायको, बारावीतली मुलगी आणि मी.

मुलीला नर्सिंगला जायचं होतं. ते तिने आधीच ठरवलेलं होतं आणि त्या संध्याकाळी ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. तेच मला जास्त लागलं. बायको गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. तिचं मानधन थोडं, तेही कधी वेळेवर, कधी नाही. तीच पहिली बोलली.

"बँकेतले पैसे पोरीचे. त्यांना हात लावायचा नाय. लाईट, गॅस, दवापाणी मी माझ्यातून भागवते. ताटात काय पडतं ते तुमी बघायचं."

मी म्हणालो, तांदूळ तर घरचा आहे.

"नुसता भात किती दिवस खाल?" ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

तोपर्यंत बाजार म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. पगाराच्या दिवशी मुरबाडच्या स्टँडजवळ समोर दिसेल त्या गाडीवर थांबायचं, तो सांगेल तो भाव द्यायचा, पिशवी भरायची, जीपमध्ये बसायचं. भाव विचारणं मला कमीपणाचं वाटायचं. आता मी मनाशी ठरवलं, नोकरी लागेपर्यंत या घरात एकही वस्तू महाग येणार नाही, आणि जी घरी होऊ शकते ती विकत येणार नाही. ठरवणं सोपं होतं.

पहिल्याच आठवड्यात मी कांद्याची अख्खी गोण आणली. एका टेम्पोवाल्याने फारच स्वस्त लावली होती. घरी आणून पडवीत ओतली तेव्हा कळलं, कांदा ओला होता, मान जाड, सालीला रंग नाही. चार दिवसांत वास सुटला. बायको अंगणवाडीतून आली. पाटावर बसली, सडके बाजूला काढले, बरे होते ते उभे चिरले आणि जुन्या लुगड्यावर पसरून अंगणात वाळत घातले. मीही तिच्यासमोर बसून चिरत राहिलो. तो वाळलेला कांदा आम्ही पुढे पावसाळाभर कालवणात घातला. पण त्या दिवसापासून मी कांदा दाबून बघितल्याशिवाय घेतला नाही.

मग हळूहळू शिकलो. बाजारात शिरल्याबरोबर घ्यायचं नाही. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकाम्या पिशवीने फिरून यायचं. पालेभाजी सकाळी ताजी आणि महाग असते. ऊन उतरल्यावर भाजीवाल्या बायकांना शेवटची एसटी गाठायची असते, तेव्हा त्या उरलेल्याचे वाटे लावतात आणि दोन वाट्यांवर तिसरा ढकलतात. दुकानातली चकचकीत डाळ दिसायला चांगली, पण बिनपॉलिशची स्वस्त पडते आणि शिजतेही लवकर. सुकट आणि बोंबील पावसाच्या तोंडावर सगळेच घेतात, म्हणून ते भर उन्हाळ्यात घ्यायचे. मिरचीही तशीच. तेलाचा डबा आम्ही तीन घरांत वाटून घ्यायला लागलो. बटाटे कल्याणच्या मंडईतून शेजाऱ्यांबरोबर गोणीने आणले, आणि त्या वेळी गोणीत हात कोपरापर्यंत घालून खालचा माल वर काढून बघितला. मंडईतल्या भय्याने तोंड वाकडं केलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

कंपनीतले जुने सोबती अधूनमधून भेटायचे. एकजण मला वाटे लावणाऱ्या बायकांसमोर उकिडवा बसलेला बघून लांबूनच निघून गेला. मला वाईट वाटलं, पण उठलो नाही. वांग्याचा वाटा चांगला होता.

शेणव्याच्या बाजूची एक बाई बाजारात नेहमी पिंपळाच्या सावलीत गोणपाट टाकून बसायची. दुधी, काकडी, भोपळा असलं घेऊन. त्या उन्हाळ्यात मी तिच्याशी एका दुधीवरून एवढी घासाघीस केली की शेजारच्या बाया बघायला लागल्या. तिने दुधी बाजूला ठेवला.

"दादा, घर गावातच ना तुमचं?"

मी हो म्हटलं.

"परड्यात जागा हाय?"

म्हटलं, आहे.

"मग दुधी इकत कशाला घेता?" तिने कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. "ह्या बिया न्या. आन् माझा टाइम खाऊ नका."

बाया हसल्या. मीही हसलो, पण जीपमध्ये बसल्यावर तेच डोक्यात फिरत राहिलं. घरामागे परडं होतं. तिथे मोडकी सायकल, पत्र्याचे तुकडे आणि घाणेरीची झाडी होती. माझ्या वडिलांच्या वेळी तिथे काय नव्हतं? पगार सुरू झाला आणि परडं मागे पडलं.

आईने सांगितलं, उन्हात बिया टाकू नको, फुकट जातील, पाऊस लागू दे. खरंच होतं. आमच्याकडे धरणं जवळ, तरी उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात आणि टँकरची वाट बघावी लागते. पण मला थांबवेना. परडं साफ करण्यात तीन आठवडे गेले. नंतर मोरीच्या पाण्याला चर काढला. अंघोळीचं पाणी केळीला आणि अळवाला सोडलं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बायको वेगळ्या टोपात ठेवायला लागली, ते दुधीच्या आळ्यात. उन्हाळ्यात टाकलेल्या बियांतला एकच वेल तगला. पाऊस सुरू झाल्यावर मात्र पुडीतल्या उरलेल्या बिया, आईने कुठून कुठून मागून आणलेलं कारलं, शिराळं, काकडी, सगळं एकदम उठलं. बांबू तोडून मांडव घातला. गोठ्याच्या छपरावर भोपळा चढला. आई मला घेऊन माळावर जायची आणि टाकळा, कुरडू, भारंगी या रानभाज्यांतली कुठली कोवळी, कुठली जून, दाखवायची. श्रावण संपेपर्यंत आमच्या घरात विकतची भाजी आली नाही. मुलगी म्हणायची, बाबा, आज तरी शिराळं नको. तेव्हा मी कारलं तोडायचो.

त्याच पावसाळ्यात तिला ठाण्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिच्या फीसाठी बँकेतल्या पैशांना पहिल्यांदा हात लागला, तो त्याच कामाला लागला. हॉस्टेलवर सोडून आलो तेव्हा बायको एसटीत खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, अजून पुढची वर्षं आहेत. मला माहीत होतं.

भाजीचं झालं, पण डाळ तर रोज लागते. डाळ बाजारातून कितीही हुशारीने आणली तरी पैसे जातातच. भात कापून झालं होतं. खळ्यावर झोडणी चालू असताना मी आईला सहज म्हटलं की डाळ काही मांडवावर लागत नाही.

"वाल पेर," आई म्हणाली.

मी विचारलं, पाणी कुठलं आणायचं. तिने हातातली पेंडी खाली ठेवली.

"वालाला पानी नाय लागत रे. भाताची ओल हाय तवर पेरायचा. मंग दंवावर होतो. तुझा आजा सगळ्या खाचरांत पेरायचा."

मग ते का थांबलं, ते मला कळायला वेळ लागला नाही. पूर्वी भात निघालं की सगळेच वाल, हरभरा पेरायचे, आणि गुरं राखली जायची. नंतर माणसं कंपन्यांत जायला लागली. भात कापलं की शेतं मोकळी, आणि शेतं मोकळी म्हणून गुरंही मोकळी. आता दिवाळीनंतर पाड्यातली सगळी गुरं दिवसभर खाचरांतून फिरतात. एकट्याने पेरलं तर ते गुरांसाठीच पेरल्यासारखं. सगळ्यात जास्त गुरं माझ्या चुलतभावाची. तो माझ्यापेक्षा मोठा, नोकरीला कधी गेला नाही, गुरांवरच त्याचं चालतं. मी त्याला जाऊन सांगितलं की खालच्या दोन खाचरांत वाल टाकतोय. तो म्हणाला, टाक की, तुझं शेत आहे. गुरांचं तो काहीच बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही.

बियाणं बायकोच्या माहेरून आणलं, मुरबाडच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला, तिथे अजून कडवा वाल करतात. नांगर भाड्याने घेतला. मग कुंपण. तारेचं कुंपण मला परवडणारं नव्हतं. बोरीच्या, करवंदीच्या फांद्या तोडायच्या, भारे बांधून डोक्यावरून आणायचे, बांधावर रचायचे. हातांना इतके काटे लागले की जेवताना मीठ झोंबायचं. पाड्यातले लोक जाता-येता थांबून बघायचे. कोणी म्हणालं, एवढ्या मेहनतीत विकतची डाळ आली असती. मी म्हटलं, डाळीला पैसे लागतात, मेहनत माझ्याकडे आहे.

वाल छान उगवला. ओळीने दोन-दोन पानं वर आली, सकाळी त्यांच्यावर दंव असायचं. मी रोज एक चक्कर टाकायचो, आणि खरं सांगायचं तर कारण नसताना दुसरीही टाकायचो.

मग भिवंडीच्या बाजूला एका गोदामात मुलाखतीला बोलावलं. दिवस त्यात गेला, काम मिळालं नाही, कमी वयाचा माणूस हवा होता. संध्याकाळी जीपमधून उतरून मी घरी न जाता शेताकडे वळलो. कुंपण एका कोपऱ्यात दबलं होतं आणि आत चुलतभावाच्या गाई निवांत चरत होत्या. दोन्हींतलं वरचं खाचर जवळजवळ संपलं होतं. मी त्यांना हाकलत हाकलत त्याच्या अंगणात नेलं. तो चहा पीत होता. मी जे बोलायचं ते बोललो, पाडा ऐकेल एवढ्या आवाजात. तो शांतपणे म्हणाला, गुरांना काय कळतं, कुंपण तुझं कच्चं होतं, आणि इथे कापणीनंतर गुरं मोकळीच असतात, हे तुला माहीत नाही का. त्याचं सगळंच चूक नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं.

घरी आल्यावर मी भिंतीला टेकून बसलो. नोकरी नाही, वाल नाही. बायकोने पाणी दिलं आणि विचारलं की सगळंच खाल्लं का. मी म्हटलं, वरचं सगळं.

सकाळी आई माझ्याबरोबर शेतावर आली. गुडघे दुखतात म्हणून ती तेवढं चालत नाही, पण आली. खाल्लेल्या झाडांपाशी वाकून एकेक खोड बोटाने हलवून बघत गेली. मुळं धरलेली होती. शेंडे गेले होते, पण खाली पानाच्या बेचक्यात कोंब होते. ती म्हणाली, यातलं बरंचसं परत फुटेल, शेंडा मारल्यावर फांद्या जास्तच येतात, फक्त आता परत तोंड लागायला नको. जिथे मुळासकट उपटलं होतं तिथे मी बोटाने खळी करून पुन्हा दाणे टोकले. वरची ओल सुकली होती, म्हणून ओढ्याच्या डोहातून कळशीने पाणी आणून घातलं. बायको अंगणवाडी सुटल्यावर यायची आणि दोन कळशा तीही आणायची. कुंपण दुप्पट जाड केलं. आणि मी शेतावरच राहायला लागलो. सकाळी भाकरी बांधून जायचो आणि गुरं गोठ्यात परतल्यावर घरी यायचो.

पण हे असं किती दिवस चालणार? कुठे कामाला बोलावलं तर जावं लागणारच होतं. बांधावर बसून मी त्यावर बराच विचार केला. मी एवढे महिने बाजारात शिकलो होतो ते एकच, की समोरच्याला कशाची गरज आहे ते आधी बघायचं. चुलतभावाला माझा वाल नको होता. त्याला चारा हवा होता. त्याचा पेंढा उन्हाळ्याच्या मध्यावर संपतो आणि मग तो दर वर्षी गवताचे भारे विकत घेतो, हे मला माहीत होतं.

मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो गोठा झाडत होता. त्याने बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच बोललो.

"दादा, शेंगा झाल्या की वालाचा सगळा पाला तुझा. माझा पेंढापण अर्धा तुझ्याकडे टाकतो. वाल निघेपर्यंत गुरं राखायची, नायतर बांधायची."

तो झाडतच राहिला.

"पाला सगळा?"

"सगळा. एक काडी घरी नेणार नाय."

"बांधली तर त्यांना टाकू काय तवर?"

"म्हणून तर अर्धा पेंढा म्हटला. तो आजच ने."

त्याने झाडू भिंतीला लावला आणि वहिनीला चहा ठेवायला सांगितलं. चहा पिऊन मी घरी आलो. दुपारी तो बैलगाडी घेऊन आला आणि आम्ही दोघांनी मिळून पेंढा भरला. दुसऱ्या दिवसापासून त्याची गुरं माळाच्या बाजूला जायला लागली, मागे तो स्वतः काठी घेऊन.

फुलं आली तेव्हा माव्याची कीड पडली. शेंड्यांवर काळे ठिपके, पानं चिकट. दुकानातली औषधाची बाटली मी हातात घेऊन परत ठेवली. आईने चुलीची राख चाळून दिली आणि सकाळी दंव असतानाच मुठीने पानांवर उडवायला सांगितली. काही झाडं गेली, बरीचशी राहिली. हिरव्या शेंगा धरल्यावर आम्ही त्या आठवडाभर रोज खाल्ल्या. थोड्या बाजारात नेल्या. शेणव्याच्या बाईने तिच्या गोणपाटाची कड मोकळी करून दिली. एक गिऱ्हाईक मला म्हणालं, दोन वाट्यांवर तिसरा द्या. मी तो दिला, पण लगेच नाही.

बाकीच्या शेंगा झाडावरच वाळू दिल्या. उपटून खळ्यावर आणल्या, काठीने झोडल्या, सुपात पाखडल्या. फार मोठं पीक नव्हतं. गुरांनी खाल्लेल्या खाचरात निम्माच वाल झाला. पण राखेत घोळवून तो पत्र्याच्या डब्यांत भरला तेव्हा आईने डबे उचलून बघितले आणि म्हणाली, वर्ष निघेल. पाला चुलतभावाने नेला, शेवटच्या काडीपर्यंत. त्या उन्हाळ्यात त्याला गवत विकत घ्यावं लागलं नाही.

मुलगी सुट्टीत आली तेव्हा बायकोने वालाचं बिरडं केलं. भिजवून, मोड आणून, सालं काढत आम्ही चौघं बसलो होतो. ती सांगत होती, मेसमध्ये रोज पातळ तूरडाळ असते. जाताना तिने सोललेले वाल डब्यात भरून मागितले, मैत्रिणींना द्यायला. बायकोने दिले. त्या वर्षी नोकरी नसतानाही मुलीसाठी ठेवलेल्या पैशांतून किराण्यासाठी आम्ही काही काढलं नव्हतं, हे मला त्या क्षणी सांगावंसं वाटलं, पण सांगायची गरज नव्हती. तिला दिसत होतं.

पुढे मला आसनगावच्या बाजूला एका कारखान्यात देखभालीचं काम मिळालं. पगार पूर्वीपेक्षा कमी, पण नियमित. लोकांना वाटलं, आता मी परडं सोडेन. मी सोडलं नाही. दुसऱ्या वर्षी भात निघाल्यावर चुलतभावानेच स्वतःच्या एका खाचरात वाल पेरला, आणि त्यामुळे पाड्यातल्या आणखी काही घरांनी. आता गुरं राखायची पाळी सगळ्यांत वाटलेली आहे. माझी पाळी सुट्टीच्या दिवशी असते. भांडणं होतात, कुणाची पाळी चुकते, कुणाचा कोपरा खाल्ला जातो; मग पारावर बोलणं होतं आणि पुन्हा चालू.

तेल मात्र अजून विकतचं आहे आणि त्याचा भाव ऐकला की मला चैन पडत नाही. टेकाडावर आमची वरकस, भात न होणारी जमीन पडून आहे, जिथे आजोबा नाचणी आणि खुरासणी करायचे. खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, तेल घाण्यावरून काढून आणता येतं. आई म्हणते, ती जमीन चढायला कठीण, दगड फार, तुझ्याने आता होणार नाही. बायको म्हणते, आधी अर्धीच करून बघा. गेल्या सुट्टीच्या दिवशी मी कोयता आणि पहार घेऊन वर गेलो आणि खालच्या कडेचे दगड काढून बांधाला लावायला सुरुवात केली. दुपारपर्यंत एका खाटेएवढी जागा मोकळी झाली. पावसाला अजून वेळ आहे.